परक्यांची खोली

जर्मनीतल्या एखाद्या खेड्यातून चालताना घराच्या फाटकावर ‘फ्रेम्डेनत्सिमर’ अशी पाटी दिसली, तर तिचा शब्दशः अर्थ काय होतो माहितीये? परक्यांची खोली. पाहुण्यांची नाही, परक्यांची. म्हणजे तुम्ही परके आहात, आमच्याकडे एक खोली आहे, पटत असेल तर या. विषय संपला.

मास्टर्ससाठी मी इथे आले तेव्हा ही पाटी पहिल्यांदा वाचून जाम हसले होते. हल्ली ‘गेस्टेत्सिमर’ किंवा ‘त्सिमर फ्राय’, म्हणजे खोली रिकामी आहे, अशा पाट्या जास्त दिसतात, पण जुन्या घरांवर ती जुनी पाटी अजून टिकून आहे. गेल्या ऑगस्टच्या शेवटी आई, बाबा, ताई आणि ताईचा चार वर्षांचा मुलगा एवढी वरात घेऊन मी अशाच एका घरात चार रात्री राहिले. तुमच्यापैकी अनेक जण जर्मनीचे फॉर्म भरत असतील, काही जण इथे पोचलेही असतील, आणि आज ना उद्या तुमचेही आई-बाबा ‘एकदा येऊन बघतो तरी’ म्हणतील. तेव्हा हे वाचून ठेवा.

आधी पैशांचं बोलू. इथे विद्यार्थ्याच्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरो सुटतात. त्यात खोलीचं भाडं, आरोग्य विमा, खाणं सगळं. अशा बजेटमध्ये पाच जणांना शहरातल्या हॉटेलात ठेवायचं म्हणजे पुढचे दोन महिने पाव-लोण्यावर काढायचे. माझी होस्टेलची खोली एवढी लहान, की आईने व्हिडिओ कॉलवर ती पाहून ‘आणि बाकीचं घर?’ असं विचारलं होतं. म्हणून ठरवलं, दोन दिवस शहर दाखवायचं आणि चार दिवस खेड्यात.

खेडं निवडलं श्वार्त्सवाल्डमधलं, म्हणजे नैर्ऋत्य जर्मनीतल्या त्या काळ्या जंगलातलं. गुटाख नावाची दरी आहे, गावाचंही नाव तेच. इथे एक युक्ती सांगते. मोठ्या बुकिंग अ‍ॅपवर ही छोटी घरं अनेकदा नसतातच. गावाच्या पर्यटन कार्यालयाच्या साइटवर यजमानांची यादी असते. त्यात फोन, ई-मेल, खाटा किती, लहान मुलांसाठी पाळणा किंवा उंच खुर्ची आहे का, कुत्रा चालतो का, सगळं लिहिलेलं असतं. ‘फामिलियनफ्रॉयंडलिष’ हा शब्द शोधायचा. उच्चार करताना जीभ अडखळते, पण अर्थ सोपा आहे: मुलं चालतील. आणखी एक ओळ डोळ्यांत तेल घालून वाचा. शॉवर आणि टॉयलेट ‘आउफ डेअर एटाजं’ असेल तर ते मजल्यावर सामायिक आहे. आमच्या बाबांना त्याचं काही वाटलं नाही, आईला पहिला दिवसभर वाटलं.

मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये ई-मेल केला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, पाच ओळींचं. दोन खोल्या, न्याहारीसकट, लहान मुलाचे पैसे नाहीत, संध्याकाळी सहाच्या आत पोहोचा. शुभेच्छांची एकच ओळ. आई-बाबांच्या शेंगेन व्हिसासाठी विम्याच्या कागदाबरोबर (तो किमान ३० हजार युरोंचा लागतो) राहण्याचा पुरावाही लागतो. तो मागितला तर मालकीणबाईंनी सगळ्यांची पासपोर्टवरची नावं टाइप करून, सही करून, स्कॅन करून पाठवला. बाबांचं तीन शब्दी नाव एकाही चुकीशिवाय. तेवढ्यावरून मला त्या बाई आवडल्या होत्या.

आता ‘सहाच्या आत’ म्हणजे काय, ते ऐका. हॉटेलसारखं इथे रात्रभर काउंटरवर कुणी बसलेलं नसतं. बाई एकट्याच, सत्तरीच्या. आम्ही ओफेनबुर्गला गाडी बदलत होतो आणि बाबा फलाटावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढत राहिले. आमचे बाबा एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. छापील वेळापत्रक दिसलं की त्यांचे पाय तिथेच खिळतात. गाडी गेली. मी घाबरत फोन केला. पलीकडे दोन सेकंद शांतता, मग, ‘पुढची किती वाजता आहे?’ मी वेळ सांगितली. ‘ठीक आहे. हाउसाख स्टेशनच्या बाहेर उभ्या राहा.’ स्टेशनबाहेर त्या स्वतःची जुनी गाडी आणि शेजाऱ्यांची एक गाडी घेऊन उभ्या होत्या, कारण पाच माणसं आणि सहा बॅगा एका गाडीत मावणार नाहीत हे त्यांनी फोनवरच मोजलं होतं. हसल्या मात्र नाहीत. गाडीत बसता बसता आई माझ्या कानात म्हणाली, ‘रागावल्यात का गं?’

रागावल्या नव्हत्या. हे समजायला आईला दोन दिवस लागले आणि मला, खरं सांगायचं तर, दोन वर्षं लागली होती. आपल्याकडे आपुलकी आधी येते, नियम नंतर, तेही आले तर. ‘आपलंच घर समजा’ असं आपण म्हणतो आणि पाहुण्याने ते खरंच तसं समजलं की मनात चडफडतो. इथे आधी नियम सांगतात. त्यात काही लपवलेलं नसतं. एकदा ते पाळले की घर खरंच तुमचं.

तर नियम. बूट दाराशी काढायचे, घरातल्या वेगळ्या सपाता. (इथे आई खूश. ‘चला, एवढं तरी माणसांसारखं आहे.’) एक फॉर्म भरायचा, मेल्डेशाइन. जर्मन नागरिकांना २०२५ पासून तो माफ झालाय, परदेशी पाहुण्यांना अजून लागतो. पासपोर्ट जवळ ठेवा. माणशी रोजचा थोडासा ‘कूरटाक्से’, म्हणजे गावात राहण्याचा कर, वेगळा द्यायचा. न्याहारी आठ ते दहा. रात्री दहानंतर आवाज नाही. कचरा चार डब्यांत वेगळा. खोलीत स्वयंपाक नाही.

हा शेवटचा नियम ऐकला तेव्हा आईच्या बॅगेत इलेक्ट्रिक केटल, दोन किलो तांदूळ, मूगडाळ आणि मेतकूट होतं. तुम्हाला खरंच स्वयंपाक करायचा असेल तर ‘फेरियनवोनुंग’ घ्या, म्हणजे स्वयंपाकघर असलेलं छोटं घर, पण त्यात शेवटच्या साफसफाईचे वेगळे पैसे पडतात आणि दोन-तीन रात्रींसाठी ते महागात जातं. आम्ही न्याहारीच्या खोलीतच राहिलो आणि तांदूळ माझ्या होस्टेलवर परत आला.

पहिली रात्र भारतीय वेळेनुसार उजाडली. जर्मनीतले पहाटेचे चार म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडचे साडेसात. भाचा ताजातवाना उठला आणि लाकडी जमिनीवरून धावू लागला. ताईने त्याला पकडलं, तो सुटला, पुन्हा धावला. न्याहारीला बाई कॉफीचं भांडं टेबलावर ठेवून म्हणाल्या, ‘मुलगा चार वाजता उठला. खालच्या खोलीतले गृहस्थ पण चार वाजता उठले.’ ताईचा चेहरा पडला. मी भाषांतर करताना वाक्य थोडं गोड करून सांगितलं, पण आईला सूर कळलाच. ‘उद्याच निघू या इथून,’ असं तिने तूप नसलेल्या पावाकडे बघत जाहीर केलं.

न्याहारीनंतर खोलीत गेलो तर जमिनीवर एक जाड गालिचा अंथरलेला. त्यावर लोकरी बुटांची एक छोटी जोडी आणि लाकडी रेल्वेचे रूळ भरलेला डबा. त्यांच्या नातवंडांचा असावा. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला भाचा त्या गालिच्यावर बसून आवाज न करता स्टेशन बांधत होता. तक्रार त्यांनी तोंडावर केली होती आणि उपायही स्वतःच केला होता. मला वाटतं, आपल्याकडे यातलं पहिलं झालंच नसतं. कुणी काही बोललं नसतं, चार दिवस फक्त तोंडं वाकडी झाली असती.

खाण्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. सकाळी ताजे ब्रोटशन, म्हणजे छोटे कडक पाव, लोणी, घरचा जॅम, चीज, टोपी घातलेलं उकडलेलं अंडं, म्यूस्ली, फळं. मांसाचे कापही असतात, पण वेगळ्या ताटलीत. शाकाहारी माणसाची सकाळ मजेत जाते. प्रश्न रात्रीचा. गावातल्या गास्टहोफमध्ये ‘शाकाहारी’ एवढंच म्हणून भागत नाही. बटाट्याच्या परतलेल्या कापांत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात, आणि स्वयंपाक्याच्या लेखी ते मांस नसून फोडणी असते. सूपाचं पाणीही हाडांचं असू शकतं. म्हणून ‘ओनं फ्लाइश, ओनं श्पेक’ असं दोन्ही म्हणायचं. मग निर्धास्तपणे केझश्पेत्सलं मागवा. चीजमध्ये घोळवलेल्या जाड्या शेवयाच म्हणा, वर तळलेला कांदा. त्यात अंडं असतं, हे न चालणाऱ्यांनी लक्षात ठेवा. आईला अंडं चालतं. तिने पूर्ण ताटली संपवून ‘मीठ बरोबर आहे’ असं प्रमाणपत्र दिलं.

त्याच गास्टहोफमध्ये आम्ही एक घोळ घातला. कोपऱ्यातलं मोठं गोल टेबल रिकामं दिसलं, पाच जण आरामात बसले. सगळं हॉटेल आमच्याकडे बघायला लागलं. टेबलाच्या मधोमध एक लोखंडी पाटी होती: ‘श्टामटिश’. गावातल्या नेहमीच्या मंडळींचं ते राखीव टेबल, रोजच्या कट्ट्यासारखं. तिथे परक्याने बसायचं नसतं. आम्ही उठलो. पाच मिनिटांनी तीन आजोबा येऊन तिथे बसले आणि त्यातल्या एकाने बाबांकडे बघून बिअरचा ग्लास उंचावला. बाबांनी पाण्याचा उंचावला. (साधं नळाचं पाणी पिण्यायोग्य असतं, पण खानावळीत मागितलं तर वेटरचा चेहरा बघण्यासारखा होतो. पाणी विकत घ्यायचं असतं.) आणखी एक. प्रत्येक गास्टहोफला आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी असते, आणि रविवारी दुकानं बंद. शनिवारी संध्याकाळी सामान भरून ठेवलं नाही तर रविवारी तुम्ही आणि तुमची पार्ले बिस्किटं.

बाबांचा आनंद मात्र एका कार्डात होता. श्वार्त्सवाल्डमधल्या शंभराहून जास्त गावांत राहणाऱ्या पाहुण्यांना यजमान ‘कोनुस’ नावाचं कार्ड देतात. तुमच्या त्या कूरटाक्समधूनच त्याचा खर्च निघतो. कार्ड दाखवलं की जंगलभागातल्या बस आणि लोकल गाड्या फुकट. आयसीईसारख्या जलद गाड्यांत ते चालत नाही. बाबांनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, ‘म्हणजे एसटीचा फॅमिली पास.’ चार दिवसांत त्यांनी त्या पासचं सोनं केलं. ट्रिबेर्गला जाणारी श्वार्त्सवाल्डबान ही रेल्वे १८७३ मध्ये पूर्ण झाली. चढण सोपी व्हावी म्हणून तिचे रूळ डोंगरात मोठी वळणं घेत, बोगद्यामागून बोगदे पार करत जातात. तीच दरी एकदा डावीकडे दिसते, थोड्या वेळाने उजवीकडे. बाबा खिडकीला नाक लावून बसले होते. मी साल सांगितल्यावर म्हणाले, ‘आपला बोरघाट १८६३ चा. दहा वर्षं आधीचा.’ पुढे पूर्ण ट्रिपभर ही गोष्ट त्यांनी भेटेल त्या जर्मन माणसाला माझ्याकरवी ऐकवली.

गुटाखमध्ये जुन्या शेतघरांचं खुलं संग्रहालय आहे. त्यातलं फोग्ट्सबाउअर्नहोफ हे घर १६१२ चं, आणि अजून मूळ जागेवर उभं आहे. बाकीची घरं दुसरीकडून उतरवून इथे पुन्हा बांधली. संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं. एकाच भल्यामोठ्या उतरत्या छपराखाली माणसं, गुरं आणि चारा. आमचं मूळ गाव चिपळूणजवळ. आई आत शिरली, काळवंडलेल्या चुलीपाशी उभी राहिली आणि एकदम गप्प झाली. तिच्या आजोळच्या घरातही गोठा भिंतीपलीकडेच होता. या भागातला बोलेनहूट, म्हणजे लोकरीच्या मोठ्या गोंड्यांची टोपी, तिला भारी आवडली. लग्न न झालेल्या मुलींचे गोंडे लाल, लग्न झालेल्यांचे काळे. ‘म्हणजे यांच्याकडे पण आहेच की,’ असं म्हणून तिने माझ्याकडे अर्थपूर्ण नजर टाकली. मी तातडीने विषय बदलला.

विषय बदलण्यात मी त्या दिवसांत तरबेज झाले होते, कारण एक गोष्ट मी लपवत होते. जुलैच्या परीक्षेत माझा एक पेपर दुसऱ्यांदा गेला होता. इथल्या बऱ्याच विद्यापीठांत एका पेपरला तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा गेला की नुसतं नापास नाही, तो कोर्सच संपतो. डिग्री किमान सहा महिने लांबणार होती. शिक्षणकर्जाला बाबांची सही होती आणि सुरुवातीच्या खर्चासाठी त्यांच्या फंडातले पैसे गेले होते. विमानतळावर सांगेन, शहर दाखवून झाल्यावर सांगेन, असं करत करत आम्ही खेड्यात पोहोचलो होतो.

घराच्या मधल्या बोळात एक छोटा फ्रीज होता. त्यात पाणी, सफरचंदाचा रस, बिअर. फ्रीजच्या दारावर कागद आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. बाटली घ्यायची, खोलीच्या नंबरासमोर रेघ मारायची, हिशेब शेवटच्या दिवशी. कॅमेरा नाही, कुलूप नाही. रस्त्यावरच्या शेतघराबाहेरही असंच, अंडी आणि बटाटे मांडलेले, शेजारी पैशांचा डबा. तिसऱ्या रात्री बाबा तो कागद वाचत उभे होते. उभं आयुष्य तिकिटांचा हिशेब पाहिलेला माणूस. म्हणाले, ‘कुणी बघत नाही, तरी लिहितात?’ मी म्हटलं, लिहितात. ते म्हणाले, ‘आणि तू गेले आठ दिवस काय लिहीत नाहीयेस?’

त्यांना कळलं होतं, काहीतरी आहे एवढं. बोळातल्या बाकावर बसून मी सगळं सांगितलं, कुजबुजत, कारण दहा वाजून गेले होते. रडलेही कुजबुजतच. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वाहतूक नियंत्रकाच्या आवाजात विचारलं, ‘पुढची गाडी कधी आहे?’ फेब्रुवारीत, मी सांगितलं. ‘आणि ती चुकली तर?’ तर नाही, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, फ्रीजमधून रसाची बाटली काढली, दोन ग्लास आणले आणि आमच्या खोलीसमोर रेघ मारली. आईला त्यांनीच सांगितलं. ती सकाळी माझ्याशी बोलली नाही. दुपारी बोलली. त्या मधल्या वेळात बाई अंगणात आलुबुखाराच्या जातीची निळी फळं चिरत होत्या, आई त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि न विचारता सुरी उचलली. दोघींना एकमेकींची एकही भाषा येत नव्हती. तासाभराने केक भट्टीत गेला होता आणि आई मला हाक मारत होती, ‘यांना विचार, साखर एवढी कमी का घातली?’

निघायच्या दिवशी बिल आलं, हाताने लिहिलेलं. खोल्या, कूरटाक्स, फ्रीजमधल्या अकरा बाटल्या आणि शेवटी ‘१ कप, ३ युरो’. भाच्याने फोडलेला. आई पुन्हा दुखावली. ‘काल शेजारी बसून फळं चिरली आणि आज कपाचे तीन युरो?’ मी रोखीत पैसे दिले (अशा घरांत कार्ड चालेलच असं नाही, रोख जवळ बाळगा). पैसे मोजून झाल्यावर बाई आत गेल्या आणि त्याच निळ्या फळांच्या जॅमची मोठी बरणी आणून आईच्या हातात दिली. त्याचे पैसे घेतले नाहीत. पाहुण्यांच्या वहीत आईने अर्धं पान मराठीत लिहिलं. काय लिहिलं ते मला बघू दिलं नाही. त्याखाली बाबांनी तारीख घातली, आणि वेळही.

जॅम ऑक्टोबरात संपला. बरणी धुऊन परत द्यायची असते, बाईंनी निघताना दोनदा बजावलं होतं. हे आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ‘मग रिकामी देऊ नकोस.’ तिने पाठवलेला चिवडा आता त्या बरणीत भरून माझ्या शेल्फवर ठेवलाय. पेपर १२ फेब्रुवारीला आहे. १४ ची खोली मी मागून ठेवलीये, ई-मेलला उत्तर तीन ओळींचं आलंय: खोली आहे, बर्फ असेल, सहाच्या आत पोहोचा.